दांत साफ करून घेतल्यानें दांत हलूं लागतात काय ?

"एकदां का त्या डॉक्टराला दांतांना हात लावूं दिलास, कीं सगळे दांत हलायला लागलेच म्हणून समज !"

हें वाक्य आमच्या आत्याबाईंनीं गेल्या श्रावणांत धाकट्या सूनबाईस ऐकविलें, आणि स्वयंपाकघरांत जमलेल्या सगळ्या बायकांनीं माना डोलावल्या. सूनबाईस पांचवा महिना होता. सकाळीं दांत घासतांना तिच्या हिरड्यांतून रक्त येई व चूळ तांबूस पडे. तिच्या डॉक्टरीणबाईंनीं दंतवैद्याकडे जाऊन दांत साफ करून घेण्यास सांगितलें होतें. आत्याबाईंचें वय ऐशींच्या पुढें. त्यांचा शब्द आमच्या घरांत सहसा कोणी मोडीत नाहीं. मी बाहेरच्या खोलींत वर्तमानपत्र वाचीत बसलों होतों. तें वाक्य कानीं पडलें मात्र, आणि मला बसल्या जागीं ओशाळल्यासारखें झालें. कारण बारा वर्षांपूर्वीं तेंच वाक्य, जवळजवळ त्याच शब्दांत, मीं स्वतः उच्चारलें होतें.

माझा धाकटा भाऊ तेव्हां नोकरींत होता. रोज सकाळीं भाईंदरहून चर्चगेटची गाडी, संध्याकाळीं परत, आणि दोन्ही वेळच्या जेवणानंतर सुपारी, असा त्याचा नेम. त्याच्या खालच्या पुढच्या दांतांच्या आंतल्या अंगास पिवळट करड्या रंगाचा दगडासारखा थर जमला होता. एका दंतवैद्यानें तो पाहून सांगितलें कीं, हें कीटण काढून घ्या, हिरड्या दांतांपासून सुटत चालल्या आहेत. भाऊ घरीं आला व रिवाजाप्रमाणें त्यानें मला विचारलें. एकत्र कुटुंबांत थोरल्याला विचारण्याची चाल चांगली खरी. पण विचारल्या जाणाऱ्यास त्या विषयाचें ज्ञान असावें, अशी अट त्या चालींत कोठें घातलेली नाहीं. मी संस्कृतचा शिक्षक. वर्गांत बोलण्याची संवय. मीं त्यास सुनावलें, "आपले पूर्वज कडुनिंबाच्या काडीनें दांत घाशीत; त्यांना कोणीं यंत्रानें दांत खरवडून दिले होते ? हे सगळे नवे धंदे आहेत. एकदां खरवडले कीं दांत मोकळे होतात." तो म्हणाला, "बरें, अण्णा." आणि गेला नाहीं.

पुढें चार वर्षांनीं त्यास मधुमेह असल्याचें निघालें. त्यानंतरच्या दोन वर्षांत खालचे चार दांत हलूं लागले व एकामागून एक गेले. त्यांतला एक तर संक्रांतीच्या दिवशीं पंक्तींत गुळाच्या पोळीबरोबर बाहेर आला. त्यानें तो रुमालांत गुंडाळून ठेवला आणि मुकाट्यानें पुढें जेवूं लागला. मला तो त्या वेळीं किंवा नंतर एक अक्षरही बोलला नाहीं. बोलला असता तर बरें झालें असतें.

यापेक्षां अधिक लाजिरवाणी गोष्ट पुढेंच आहे. आयुर्वेदाचा अभ्यास करणारा एक विद्यार्थी सुश्रुतसंहितेंतील कांहीं भागांचा अन्वय लावून घेण्याकरितां माझ्याकडे येत असे. त्या निमित्तानें मीं तो ग्रंथ प्रथमच लक्षपूर्वक वाचला. मुखरोगांच्या प्रकरणीं सुश्रुतानें एकंदर ६५ रोग सांगितले आहेत, आणि त्यांतल्या दांतांच्या आठ रोगांत "दंतशर्करा" हा एक आहे. दांतांवर मळ सांचून तो खड्यासारखा कठिण होतो व दांतांचे गुण नष्ट करतो, असें त्याचें वर्णन. चिकित्सास्थानांत उपायही स्पष्ट सांगितला आहे : दंतमुळास इजा न करितां वैद्यानें ही शर्करा उचलून काढावी, व मग तेथें लाखेचें चूर्ण मधांत कालवून लावावें. सूत्रस्थानांत शस्त्रांची जी यादी आहे तींत "दंतशंकु" नांवाचें एक शस्त्र आहे. आणि शरीरांतून काढूनच टाकाव्या अशा गोष्टींत तीनही प्रकारच्या शर्करा मोजल्या आहेत. ज्या पूर्वजांच्या नांवानें मीं भावाला घरीं बसविलें, त्या पूर्वजांनींच तो दगड वैद्याकडून काढून घेण्यास सांगितलें होतें ! निंबाच्या काडीची महतीही त्याच ग्रंथांत आहे. बारा अंगुळें लांब, करंगळीएवढी जाड, आणि हिरड्यांस दुखापत न होईल अशा बेतानें फिरवावयाची. पण काडी रोजच्या मळासाठीं, आणि शस्त्र दगड झालेल्या मळासाठीं, हा भेद त्यांना ठाऊक होता, मला नव्हता.

(शर्करा म्हणतांच आमचे विद्यार्थी हंसत. त्यांस वाटे, साखर. मूळ संस्कृतांत शर्करा म्हणजे बारीक खडे, वाळू. त्या दाण्यांशीं असलेल्या साम्यावरून साखरेस तें नांव मिळालें. मूत्रमार्गांतील खड्यांनाही प्राचीनांनीं हाच शब्द लावला आहे.)

आतां हें कीटण होतें कसें तें पाहूं. आमचें भाईंदर पूर्वीं मिठागरांसाठीं प्रसिद्ध. १९८५ सालीं येथें नगरपरिषद झाली, २००२ सालीं मीरा-भाईंदर महानगरपालिका झाली, आणि शेतें व गांवठाणें यांच्या जागीं सात-सात मजली इमारती उभ्या राहिल्या. पण ज्यांनीं मिठागरें चालतांना पाहिलीं आहेत त्यांस ठाऊक आहे कीं, खाडीचें पाणी उथळ वाफ्यांत नुसतें पसरून ठेविलें तरी उन्हानें आटून तळाशीं खारट कवच धरतें. तोंडांत ऊन नाहीं, आणि तेथील क्षारही मीठ नव्हे. तेवढ्यापुरता हा दृष्टांत लंगडा आहे. परंतु दिसावयास स्वच्छ असणाऱ्या पाण्यांतून दगड तयार होतो, हें समजण्यास तो पुरेसा आहे. आपल्या लाळेंत कॅल्शियम व फॉस्फरस यांचे क्षार विरघळलेले असतात. दांतांवर जंतूंचा एक मऊ, चिकट थर रोजच बसतो. तो घासून काढला तर प्रश्न मिटला. दोन-तीन दिवस तसाच राहिला तर त्यांत हे क्षार शिरून तो घट्ट होऊं लागतो, आणि पंधरवड्याच्या आंत त्याचा बहुतेक भाग दगड बनतो. लाळेच्या ग्रंथींचीं तोंडें जिभेखालीं व वरच्या दाढांजवळ गालांत आहेत. म्हणून खालच्या पुढच्या दांतांच्या आंतून आणि वरच्या दाढांच्या बाहेरून कीटण सर्वांत अधिक सांपडतें. वाचकांनीं आतांच जिभेचा शेंडा खालच्या दांतांच्या मागें फिरवून पाहावा. खडबड लागल्यास ती बहुधा हीच.

हा दगड एकदां बसला कीं ब्रशानें, दंतमंजनानें किंवा काडीनें निघत नाहीं. तो इतका टिकाऊ असतो कीं, हजारों वर्षांपूर्वींच्या मानवी सांगाड्यांच्या दांतांवर तो जसाच्या तसा सांपडतो, आणि त्या काळचे लोक काय खात याचा शोध संशोधक त्यावरून घेतात. पूर्वजांचे दांत मोत्यासारखे होते या समजुतीस एवढें उत्तर पुरे.

त्याच्या खडबडीत पृष्ठावर नवे जंतु सहज ठाण मांडतात. हिरडी सुजते, लाल होते, जरा धक्का लागतांच रक्त येतें. येथवर सारें दुरुस्त होण्याजोगें असतें. डेन्मार्कमधील हाराल्ड लो नांवाच्या संशोधकानें व त्याच्या सहकाऱ्यांनीं १९६५ सालीं एक प्रयोग प्रसिद्ध केला. निरोगी हिरड्यांच्या बारा जणांनीं दांत घासणें मुद्दाम बंद केलें. दहा ते एकवीस दिवसांत बाराही जणांच्या हिरड्या सुजल्या, आणि पुन्हां दांत घासूं लागल्यावर सुमारें आठवड्याभरांत त्या पूर्ववत् झाल्या. म्हणजे हिरडींतून रक्त आलें कीं घासणें बंद करावें, हा जो सल्ला घरोघर दिला जातो, तो नेमका उलटा आहे.

परंतु सूज वर्षानुवर्षें तशीच राहिली तर कित्येकांच्या बाबतींत हिरडी दांतापासून सुटते, मध्यें खोबण पडते, तेथेंही कीटण शिरतें, आणि ज्या हाडांत दांत रोवलेला असतो तें हाडच झिजूं लागतें. गेलेलें हाड आपोआप परत येत नाहीं. आणि यांतलें कपट असें कीं, बहुधा कांहीं दुखत नाहीं. किडलेली दाढ रात्रीं झोंपूं देत नाहीं, म्हणून माणूस सकाळीं डॉक्टरांच्या दारांत असतो. हिरडी बिचारी वीस वर्षें मुकाट्यानें जाते, आमच्या भावासारखी.

मग दांत साफ केल्यावर ते हलतात, फटी पडतात, थंड पाणी झोंबतें, असें जें लोक सांगतात तें काय खोटें ? खोटें मुळींच नव्हे. पाहणें खरें आहे, त्यावरून काढलेला निष्कर्ष चुकीचा आहे. खाडीपलीकडे वसईच्या किल्ल्यांत जाऊन पाहावें. कांहीं पडक्या भिंतींना वडा-पिंपळाच्या मुळ्यांनीं असें कवटाळलेलें असतें कीं, मुळ्या तोडल्या तर दगड डगमगूं लागावेत. पण भिंतीचे सांधे आधीं फोडले कोणीं ? त्याच मुळ्यांनीं. आंत हाड झिजून गेलेलें असतें आणि कीटणानें शेजारशेजारचे दांत बाहेरून एकमेकांस जखडून ठेविलेले असतात. तें जखडणें निघालें कीं दांतांची खरी अवस्था प्रगट होते. फटीचेंही तसेंच : दोन दांतांमधील जागा दगडानें व सुजेनें भरलेली होती, दगड गेला, सूज ओसरली, जागा दिसूं लागली. झोंबणें येतें तें उघडें पडलेलें मूळ आतांपर्यंत दगडाखालीं झांकलेलें होतें म्हणून. बहुतेकांचें तें थोड्या दिवसांत शमतें. उलट, हाड फार गेलेलें नसेल तर हिरडी बसून हलणारा दांत पुन्हां बराच घट्ट झाल्याचेंही दिसून येतें. आमच्या भावाचे दांत कोणींही साफ केले नव्हते, तरी ते हलले आणि पडले, हा पुरावा माझ्या घरांतच होता. तो मीं कधीं पुरावा म्हणून पाहिला नाहीं.

श्रावणांतल्या त्या दिवशीं मीं आंत जाऊन एवढेंच म्हटलें, "आत्या, सूनबाईला मी स्वतः घेऊन जातों." आत्याबाई कांहीं बोलल्या नाहींत; फक्त पदर सांवरून दुसरीकडे पाहूं लागल्या.

दवाखान्यांत मी तिच्या परवानगीनें शेजारीं बसलों. काय चालतें तें एकदां डोळ्यांनीं पाहावयाचेंच होतें. दंतवैद्य ही तरुण मुलगी होती. तिनें प्रथम पांचवा महिना, चालू औषधें, पूर्वींचे आजार हें सर्व विचारून घेतलें. मग एक पातळ सळईसारखें हत्यार हातीं घेतलें. त्याचें टोंक दर सेकंदास वीस-तीस हजार वेळां कंप पावतें. डोळ्यांना तें स्थिरच दिसतें. टोंकापाशीं सारखें पाणी उडत असतें, नाहींतर तें तापेल. आणि दुसऱ्या नळीनें तोंडांतलें पाणी ओढून घेतलें जातें. या कंपानें कीटणाचे तुकडे सुटून येतात. सुरीनें खरवडल्यासारखें दांत खरवडतात, ही जी माझी कल्पना होती तिला तेथें आधार सांपडला नाहीं. हातानें चालवावयाचीं हत्यारेंही असतात व तीं आजही वापरतात. पण तींही कीटण व दांत यांच्या सांध्यावर चालवावयाचीं, दांतावर नव्हेत.

"यानें दांतांवरचें कवच झिजत नाहीं ना ?" मीं विचारलें. ती हंसली. इनॅमल म्हणून जें बाहेरचें कवच असतें तें मनुष्यशरीरांतील सर्वांत कठिण द्रव्य होय. वजनानें त्याचा सुमारें ९६ टक्के भाग खनिज असतो. शिकलेल्या हातानें योग्य रीतीनें काम केलें तर त्याला धक्का लागत नाहीं. अडाणी हातीं मात्र हत्यार चुकूं शकतें, विशेषतः मुळाचा भाग उघडा पडला असेल तेथें, कारण तो इनॅमलाइतका कठिण नसतो. "पण मामंजी," सूनबाई नंतर मला म्हणाली, "दुखलें नाहीं, फक्त पाटीवर पेन्सिल करकरावी तसें वाटत होतें." सारें काम पाऊण तासांत उरकलें. शेवटीं पट्टीवर ठेवून दाखविलेला करड्या रंगाचा तुकडा तुरीच्या डाळीएवढा होता. आठ-दहा दिवसांत तिचें रक्त येणें थांबलें. गर्भारपणांत शरीरांतील बदलांमुळें हिरड्या लौकर सुजतात, म्हणून त्या काळांत दांतांची देखभाल अधिकच करावी. आणि दांत साफ करून घेण्यास त्या काळांत बंदी नाहीं. मधले तीन महिने त्यांतल्या त्यांत सोयीचे.

याच्या उलट टोंकाची एक समजूत तरुण मंडळींत फार पसरली आहे, ती म्हणजे दांत साफ करून घेतले कीं ते शुभ्र होतात. लग्नाच्या आदल्या आठवड्यांत याच आशेनें पुष्कळ जातात. चहा, तंबाखू, पान यांचे वरवरचे डाग जातात हें खरें. पण दांतांचा जन्मजात रंग किंचित् पिवळसर असेल तर तो तसाच राहणार. रंग उजळण्याची क्रिया निराळी, तिचें द्रव्य निराळें, तिचे धोकेही निराळे. भ्रमणध्वनीवरून येणारे लिंबू व खाण्याचा सोडा चोळण्याचे उपाय तर कवचास अपायकारक आहेत. लिंबाच्या आम्लानें इनॅमल मऊ पडतें, आणि वर आपण तें घासतों! घरबसल्या कीटण काढण्याचीं हत्यारें बाजारांत मिळतात, त्यांविषयीं काय लिहावें ? स्वतःचे केस स्वतः कापतांनाही माणूस चुकतो.

दर सहा महिन्यांनीं दांत साफ केलेच पाहिजेत, असेंही आतां पुष्कळ सुशिक्षित घरांत वेदवाक्य होऊं पाहत आहे. तेंही जसेंच्या तसें खरें नाहीं. कॉक्रेन या संस्थेनें २०१८ सालीं प्रसिद्ध केलेल्या समीक्षेंत असें आढळलें कीं, ज्यांच्या हिरड्यांस गंभीर रोग नाहीं व जे नियमानें तपासणी करून घेतात, अशा प्रौढांत ठराविक मुदतीनें दांत साफ करणें आणि न करणें यांत दोन-तीन वर्षांच्या अवधींत हिरड्यांच्या सुजेच्या दृष्टीनें फारसा फरक पडला नाहीं. पण हें त्या देशांतील निरोगी व नियमानें तपासून घेणाऱ्यांविषयीं झालें. ज्यांच्या दांतांवर दहा वर्षांचें कीटण आहे, ज्यांच्या हिरड्या सुटत चालल्या आहेत, ज्यांस मधुमेह आहे, त्यांनीं या वाक्याचा आधार घेऊन घरीं बसूं नये. किती दिवसांनीं यावें, हें प्रत्येकाचें तोंड पाहूनच वैद्यानें ठरवावयाचें असतें.

मधुमेहाचा उल्लेख आला म्हणून सांगतों. मधुमेहानें हिरड्यांचा रोग बळावतो आणि हिरड्यांच्या रोगानें साखर आंवरणें अवघड होतें, असें हें दुहेरी नातें आतां चांगलें सिद्ध झालें आहे. हिरड्यांवर नीट उपचार केल्यास तीन महिन्यांची सरासरी साखर थोडी उतरते, असेंही आढळतें. भावाला मधुमेह आधीं होता कीं हिरड्या आधीं बिघडल्या, हें आतां कळण्यास मार्ग नाहीं. तंबाखूचें निराळेंच. विडी-सिगारेट ओढणाऱ्यांच्या हिरड्यांतून रक्त कमी येतें, त्यामुळें रोग आंतल्या आंत वाढूनही त्यास आपण धडधाकट असल्याचा भास होतो. आपल्या घरांतून मशेरी फारशी नाहीं. परंतु म्हाताऱ्या बायकांत दांतांना तपकीर लावण्याची चाल होती, आणि तीही तंबाखूच!

खर्चाची अडचण ज्यांस असेल त्यांनीं भाईंदरहून गाडीनें मुंबई सेंट्रलला उतरावें. तेथें जवळच नायर रुग्णालयाचें दंत महाविद्यालय आहे. १९३३ सालीं स्थापन झालेली ती संस्था महानगरपालिका चालविते व तेथें अल्प खर्चांत उपचार होतात. वेळ मोडतो, रांगेंत बसावें लागतें, तेवढी तयारी हवी. घराजवळ जावयाचें तर वैद्य नोंदणीकृत आहे एवढें पाहून घ्यावें. दंतवैद्यांच्या नोंदणीचा कायदा या देशांत १९४८ सालींच झालेला आहे, आणि भिंतीवर टांगलेलें प्रमाणपत्र वाचण्यांत कोणाचा अपमान होत नाहीं.

भावाला आतां खालीं काढघालीची कवळी आहे. उरलेल्या दांतांवरचें कीटण त्यानें मागेंच काढून घेतलें. त्या वेळीं त्यानें मला विचारलें नाहीं, नुसतें सांगितलें. ते दांत अद्याप शाबूत आहेत.

गेल्या आठवड्यांत आत्याबाईंनीं मला जवळ बोलावून, कोणी ऐकत नाहींसें पाहून, हळूच विचारलें, "अरे, माझे पांच उरलेत. त्यांचें कांहीं होईल का रे ?" त्यांस रक्त पातळ ठेवण्याची गोळी चालू आहे. अशा गोळ्या आपल्या मनानें बंद करावयाच्या नसतात. दंतवैद्यास आधीं सांगावयाचें असतें. हृदयांत कृत्रिम झडप असणारांनीं व पेसमेकर बसविलेल्यांनींही तसेंच सांगावयाचें. म्हणून प्रथम त्यांच्या नेहमींच्या डॉक्टरांची चिठ्ठी आणविली. येत्या गुरुवारीं सकाळीं दहाची वेळ मिळाली आहे. सूनबाई म्हणाली, आत्याबाईंबरोबर मी जाईन.